तारप्याला पाठ

हे सदर मी गेली कित्येक वर्षं वाचते ते चेष्टा करायला, हे आधीच कबूल करते. कोणाला आमराईत पांढरी साडी दिसते, कोणाच्या मामांना चकवा लागतो... मी डबा खाताना मोठ्यानं वाचून दाखवते आणि आमच्या सेक्शनच्या बायका हसून हसून बेजार होतात. वालीवला एका पॅकेजिंग कंपनीत मी क्वालिटी चेकिंगला आहे. एकवीस वर्षं काम एकच — समोर आलेल्या मालातला दोष शोधायचा आणि नापासचा शिक्का मारायचा. त्यामुळे असले किस्से ऐकले की माझा पहिला प्रश्न असतो, "पुरावा काय?" आणि आता मीच किस्सा घेऊन आलेय. हसायचं तर खुशाल हसा, फक्त शेवटपर्यंत वाचा.

आधी अण्णांबद्दल सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. जव्हारकडच्या एका आश्रमशाळेत मास्तर होते, बावीस वर्षं. मी आणि माझा धाकटा भाऊ नितीन, आमचं लहानपण तिथल्याच क्वार्टरमध्ये गेलं. शाळेमागच्या पाड्यावर बारक्याकाका राहायचे. वारली. भात तयार झालं की संध्याकाळी ते तारपा वाजवायचे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते — वाळवलेला दुधी भोपळा, त्यात मेणानं बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानाचा लांब कर्णा. फुंकायला लागलं की थांबायचं नाही. गाल फुगवून, नाकानं श्वास घेत घेत, सूर तुटू न देता तासन् तास. भोवती सगळा पाडा हात धरून फेर धरतो.

अण्णांनी हट्टानं शिकून घेतलं. पण तो न थांबता फुंकायचा प्रकार त्यांना शेवटपर्यंत जमला नाही. सात-आठ सूर झाले की मध्येच एक गचका यायचा — 'हुप्' असा. त्यांचा श्वास घ्यायचा आवाज. बारक्याकाका पोट धरून हसायचे. "मास्तर दम खातो!" आमच्या घरात मग तो शब्दच झाला. अण्णा जिना चढताना थांबले की आई म्हणायची, दम खातायत.

बदली झाली तेव्हा बारक्याकाकांनी आपल्या हातानं एक तारपा करून अण्णांना दिला. एकदा तो मेणाच्या जोडावर तडकला, तर अण्णांनी शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या पुठ्ठ्यावरचं लाल कापड फाडून त्यावर डकवलं. मास्तरकीचा शिक्का, म्हणायचे. विरारला आल्यावर तो कायम भिंतीवर. आई गेल्यावर अण्णा माझ्याकडे आले, मनवेलपाड्याला, तेव्हा कपड्यांची पिशवी एक आणि तारपा एक, एवढंच घेऊन आले.

मग त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. 'चहा', 'नको' आणि 'वैशू' हे तीनच शब्द उरले. त्यांची कॉट हॉलमध्ये होती, समोरच्या भिंतीवर तारपा. दिवसभर त्याच्याकडे बघत पडलेले असायचे.

हॉलला रंग काढायचा ठरला. तारपा नाजूक, रंगाऱ्यांच्या तावडीत नको म्हणून मी आमच्या ह्यांना सांगितलं, चार दिवस नितीनकडे ठेवून या. नितीन फुलपाड्याला राहतो, दहा मिनिटांवर. हे घेऊन गेले. रंग झाला. त्याच सुमारास ह्यांना कंपनीतून भेट मिळाली म्हणून एक फ्रेम केलेलं वारली चित्र आणलं त्यांनी. तारप्याचंच चित्र — मध्ये वाजवणारा, भोवती गोल फेर. कोपऱ्यात एक तीन पायांचं कुत्रं होतं, चौथा पाय काढायचाच राहिलेला. मी तर बघताक्षणी म्हटलं, "हा पीस नापास!" आम्ही सगळे हसलो. रिकाम्या खिळ्यावर ते लावून टाकलं.

मग मी नितीनला फोन केला, तारपा आणून दे. तो म्हणाला, "कुठला तारपा? माझ्याकडे आलाच नाही."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "अगं, त्याच्या हातात दिलाय मी. विसरला असेल. नाहीतर मोडला असेल आणि आता कबूल करायची लाज वाटतेय."

मला ते पटलं. का पटलं म्हणाल तर नितीन लहानपणापासून तसाच. चष्मा मोडला, सांगायचा नाही. सायकल हरवली, सांगायचा नाही. आणि हे? चोवीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला साधं चहात साखर किती घातली तेही खोटं सांगितलेलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

अण्णांना कळलं की नाही, तेव्हा समजलं नाही. पण त्या दिवसांत त्यांना एक चौथा शब्द फुटला. 'पाठ.' भिंतीकडे डावा हात करायचे आणि म्हणायचे, "वैशू... पाठ. पाठ." मला वाटलं, पडून पडून पाठ दुखतेय. रोज बाम चोळायला लागले. हे बिचारे मदतीला यायचे. अण्णांना दोन्ही खांद्यांना धरून कुशीवर वळवायचे, मी चोळायची. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मी ह्यांना म्हणायची, बघा ना किती दुखतंय त्यांना.

अडीच महिन्यांनी अण्णा गेले. तेराव्याला पाहुण्यांसमोर मी नितीनला नाही नाही ते बोलले. "बापाची एक वस्तू सांभाळता आली नाही तुला, आणि वर खोटं बोलतोस? त्या भिंतीकडे बघत गेले ते!" तो इतकंच म्हणाला, "ताई, आईची शप्पथ, माझ्याकडे नव्हता." मी म्हटलं, आईचं नाव घेऊ नकोस. तो चपला घालून निघून गेला. तीन वर्षं राखी नाही, भाऊबीज नाही, फोन नाही.

आता तो दिवस.

रविवार होता, कार्तिक संपत आलेला, सकाळचे अकरा-साडेअकरा. लख्ख ऊन. मनोरला ह्यांच्या चुलतभावाची वास्तुशांत होती. विरार फाट्यावरून हायवेला लागलो आणि माझ्या लक्षात आलं, भेटवस्तू घरी टेबलावरच राहिली. थोडं पुढे गेल्यावर डाव्या हाताला एक पत्र्याची लांब शेड दिसली, बाहेर बोर्ड — 'आदिवासी कला व वाद्ये'. बाहेर दोरीवर रंगवलेल्या कापडांची रांग वाळत होती.

"थांबा थांबा, इथेच काहीतरी घेऊ."

"इथे काय मिळणार? मनोरला मिठाई घेऊ," हे म्हणाले आणि चक्क गाडीचा वेग वाढवला. मी हँडब्रेकला हात घातला तेव्हा थांबले. आतसुद्धा आले नाहीत. "तू बघ, मी इथेच आहे. पाच मिनिटं हं." हेसुद्धा मला खटकलं नाही, बोला! क्वालिटी चेकिंग!

आत एक बाई खाली बसून शेणानं सारवलेल्या कापडावर तांदळाच्या पिठानं रंगवत होती. पस्तिशीची असेल. नाव सुनंदा, ते नंतर कळलं. ती माणसांचा फेर काढत होती, एकेक काडीसारखा हात, एकेक अंबाडा. सगळ्यांची तोंडं आतल्या बाजूला. मी सहज म्हटलं, "एखादा बाहेर बघणारा काढला तर वेगळं दिसेल, नाही?"

तिनं मान वर केली. "नाय ताई. तारप्याला पाठ नाय दाखवत कोनी. नाचताना नाय, चित्रात पन नाय."

माझ्या हातातली पर्स खाली पडली. खरं सांगते. कारण हे वाक्य मी ऐकलेलं होतं. बारक्याकाका आम्हा पोरांना फेरात घ्यायचे तेव्हा ओरडायचे — "पाठ! ए पोरी, पाठ!" म्हणजे वळ, तारप्याला पाठ झाली तुझी. चाळीस वर्षांनी मला ते आठवलं. अण्णा बाम मागत नव्हते.

मी सुन्न होऊन वर पाहिलं, आणि मागच्या भिंतीवर, ढोल आणि तारांच्या घांगळीच्या मध्ये, तो टांगलेला. मेणाच्या जोडावर लाल कापड. हजेरीपटाचं. कापडावर छापलेल्या रेघेचा अर्धा तुकडा अजून दिसत होता.

"अहो!" मी दारातून ओरडले. "अहो, या इकडे! अण्णांचा तारपा! विकला हो नितीननं!"

हे आले. दारातच उभे राहिले, गॉगल न काढता. मी सुनंदाला विचारलं, हा कोणी आणला? ती म्हणाली, "झाली तीनेक वर्षं. एक जन आला, बोलला चित्राच्या बदली ठेवा. मी बोलली, असा नको, वाजवनाऱ्याच्या घरी द्या. तर बोलला, वाजवनारा आता नाय वाजवत. चेहरा नाय ध्यानात ताई, रोज किती लोक येतात."

"बघ," हे म्हणाले. "मी तेव्हाच सांगत होतो तुला. तुझा भाऊ म्हणजे... जाऊ दे. आता मनस्ताप करून घेऊ नकोस. चल." आणि हे दाराकडे वळले.

तारपा वाजला.

बारीक नाही, लांबून आल्यासारखा नाही. शेडचा पत्रा थरथरेल असा, भरलेला सूर. हे गर्रकन वळले. सूर बंद.

सुनंदाच्या हातातली रंगवायची काडी तशीच हवेत. तिथे आम्ही तिघंच. तारपा तिच्यापासून आठ फुटांवर, माझ्यापासून पाच. "हायवे आहे, ट्रकचा हॉर्न असेल," हे म्हणाले आणि पुन्हा वळले. पुन्हा वाजला. या वेळी सूर पुढे सरकला — एक, दोन, तीन... आणि सात-आठ सुरांनंतर मध्येच तो गचका आला. 'हुप्.' आणि परत सूर.

त्या गचक्यानं माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

तरी माझी खोड जाईना. मी स्वतः तारप्याकडे पाठ करून उभी राहिले. काही नाही. सुनंदाला म्हटलं, तुम्ही वळा. ती आधी नको म्हणाली, मग देवाचं नाव घेऊन वळली. काही नाही. मी ह्यांना म्हटलं, "आता तुम्ही वळा."

"काहीतरीच काय! वेड लागलंय का तुला?"

"वळा ना. ट्रकचा हॉर्न आहे ना?"

हे वळले नाहीत. आणि मग मी जे पाहिलं ते मरेपर्यंत विसरणार नाही. बावन्न वर्षांचा माणूस, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ज्योतिषावर हसणारा, तारप्यावरची नजर न काढता एकेक पाऊल मागे टाकत, उलटा चालत, उंबऱ्याला अडखळत शेडच्या बाहेर गेला.

सुनंदा उठली. कोपऱ्यातल्या बिस्किटाच्या डब्यातून तिनं कागदाची पुडी काढली. आत बांबूच्या दोन बारीक जिभल्या होत्या, ज्यांच्यामुळे तारप्याला सूर निघतो त्या. "ह्या त्याच्याच. आल्या दिवशीच काढल्या. येनारेजानारे उगा फुंकत बसतात म्हनून. ताई... त्याच्यात वाजायला कायच नाय."

मी तारपा खाली घेतला. नळीत बोट घालून पाहिलं. रिकामी.

मग मी तिला एकच प्रश्न विचारला. खरं तर तीन वर्षांपूर्वी कुणाला तरी विचारायला हवा होता. "बदल्यात चित्र कुठलं दिलंत?"

"तारप्याचंच, गोल फेराचं. माझी पोरगी तेव्हा लहान, तिनं कोपऱ्यात कुत्रा काढलेला. एक पाय राहूनच गेला त्याचा. मी बोलली हे राहू द्या, दुसरं न्या, तर बोलला हेच बरं हाय."

मी बाहेर गेले. तो गाडीत बसला होता. हो, तो. आतापर्यंत 'हे' लिहिलं, कारण तेव्हा ते 'हे' होते. मी काचेवर टकटक केली आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्याला नावानं हाक मारली, एकेरीत. "मिलिंद, का केलंस?"

त्यानं नाकबूल केलं नाही, एवढं मात्र खरं. म्हणाला, नितीनच्या घराला कुलूप होतं त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी कामासाठी मनोरला जायचं होतं, तारपा गाडीतच राहिला. इथे जवळच चहाला थांबला. "चित्र छान वाटलं. हॉलच्या नव्या रंगाला शोभेल असं वाटलं. ते भोपळ्याचं धूड... कुबट वास यायचा गं त्याला. पाहुणे आले की मला कसंतरी व्हायचं."

"मग सांगायचं होतंस!"

"तू चिडली असतीस."

"आणि नितीनशी माझं वाजलं तेव्हा?"

"तेव्हा सांगणार होतो. मग ते इतकं वाढलं की... उशीर झाला."

ऐकलंत? रंगाला शोभेल म्हणून. दुसरी बाई असती, जुगार असता, तर निदान मला भांडायला काही मोठं मिळालं असतं. माझा भाऊ दुरावला तो भिंतीच्या रंगापायी.

पण खरं पुढेच होतं. त्यानं ते स्वतःची बाजू मांडायला म्हणून सांगितलं. "मी काही अगदी लपवलं नव्हतं. अण्णांना सांगितलं होतं मी. चित्र लावताना. म्हटलं, अण्णा, तारपा देऊन हे आणलंय, बघा किती सुंदर आहे."

"अण्णांना सांगितलंस?"

"हो. म्हणजे... त्यांना तेव्हा काय कळत होतं?"

मी गाडीच्या बॉनेटला धरून उभी राहिले. सगळ्या घरात त्यानं खरं सांगायला कोण निवडलं, तर ज्याला बोलता येत नव्हतं तो माणूस. आणि तो माणूस अडीच महिने एका शब्दानं मला सांगत राहिला, आणि त्याला कुशीवर वळवायला हात कुणाचे होते? ह्याचेच. दोन्ही खांद्यांना धरून, अलगद. मी मनात म्हणायची, असा जावई भाग्यानं मिळतो.

मी गाडीत बसले नाही. सुनंदाला म्हटलं, तारपा नेऊ का? चित्र उद्या परत आणून देते. ती म्हणाली, "न्या ताई. तो माझा कधी नव्हताच." जिभल्यांची पुडीही दिली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी ते तीन पायांचं कुत्रं तिला पोचतं केलं. खिळा मात्र भिंतीत तसाच आहे, आणि तिथे काय लावायचं हे विचारायची मिलिंदची हिंमत नाही. आम्ही एका घरात राहतो. तो बोलतो, मी 'हं' म्हणते. याहून जास्त विचारू नका, मलाच माहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, वारा असेल. त्या दिवशी पान हलत नव्हतं. भास म्हणाल, तर तिघांना एकच भास, आणि तोही एकाच माणसाच्या वळण्यावर? माझ्या मनातला संशय बाहेर आला म्हणाल, तर बाई गं, संशय होता कुठे? मी तर त्याच्या बाजूनं उभी होते! जव्हारच्या एका तारपा करणाऱ्याला नितीननं नंतर दाखवला. त्यानं जिभल्या बसवल्या, मेण लावलं, फुंकला. फक्त हवा गेली. दुध्याला आतून चीर गेलीय म्हणाला, बरीच जुनी, हा आता वाजायचा नाही. मी माझ्या पद्धतीनं सगळं तपासलं आणि मला काहीही हाती लागलेलं नाही. शिक्का मारायला जागाच नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी हायवेच्या कडेला, तारपा दोन्ही हातांत धरून, मी नितीनला फोन लावला. नंबर पाठ होता. तिसऱ्या रिंगला उचलला. 'हॅलो' नाही, काही नाही, नुसताच ऐकत राहिला. मी रडत रडत सगळं सांगितलं, उलटसुलट. चित्र, कुत्रं, मिलिंद, जिभल्या. माफ कर म्हटलं. तो माझ्यावर ओरडेल, निदान फोन तरी ठेवून देईल म्हणून मी थांबले.

त्यानं एवढंच विचारलं.

"ताई, वाजला तेव्हा... मध्ये दम खाल्ला?"

"खाल्ला रे."

"थांब तिथेच," नितीन म्हणाला. "हलू नकोस. मी येतो न्यायला."